दगडूतात्या, तुम्ही भुकेले नव्हता

तात्या, मी अत्तर लावायचं सोडलंय. ही बातमी सगळ्यात आधी देतो, कारण तिच्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बारामतीच्या आसपासच्या प्रत्येक मांडवात गेली वीस वर्षं माझ्याआधी माझा वास पोहोचत आलाय. आचारी मान वर न करता म्हणायचे, "स्पीकर आला." तो वास आता बंद. शिवाय दोन मातकट शर्ट आणलेत, बटणंसुद्धा मातकट. बायकोनं ते पाहिले आणि विचारलं, "वॉचमनची नोकरी धरली का?"

म्हटलं, "हरणांसाठी आणलेत."

"माझ्यासाठी कधी शर्ट बदलला नाहीत."

तुम्ही असता तर हसता हसता कवळी हातात घेतली असती.

वनखात्याची हरणांची मोजणी आता दोन आठवड्यांवर आलीय आणि तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. माझा आयुष्यातला पहिला हंगाम. नावं तुम्हीच दिली होती, वर तुमचं, खाली माझं. वनरक्षक मॅडमचा फोन आला होता. त्यांना यादी पुन्हा करायची होती आणि तुमचं नाव काढायला त्यांचा हात होत नव्हता. मला म्हणाल्या, "तुम्ही एकटे चालाल ना?" मी हो म्हटलं. एकट्यानं, न बोलता, सकाळी चार तास. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच म्हणायची, आणि ती तुम्ही मला प्रेमानं देऊन गेलात.

आपली पहिली भेट तुम्ही लोकांना सांगायचात ती अर्धीच. पूर्ण मी सांगतो. निरवांगीच्या माळावरून मी रिकामा टेम्पो घेऊन परत चाललो होतो. अंगात पोपटी शर्ट. लघवीला उतरलो आणि समोर, चाळीस-पन्नास पावलांवर, एक चिंकारा. वाळलेल्या गवताच्या रंगाचा, बारीक पायांचा, काळी शेपटी सारखी हलतेय, जणू शेपटीला अंगाशी काही देणंघेणं नाही. त्याच्याआधी मी हरीण फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. मला इतका आनंद झाला की मी सवयीनं पुकारलं, "हरीण! हरीण! हरीण!" त्यानं नाकातून एक शिंक दिल्यासारखा आवाज केला आणि माळ रिकामा झाला.

मागून सायकलची चेन कुरकुरली. तुम्ही उतरलात, सायकल टेकवलीत आणि अगदी सभ्यपणे विचारलंत, "पत्रिका द्यायची व्हती का त्याला?"

"म्हणजे?"

"न्हाय, तीनदा पुकारलंस म्हनून इचारलं. नाव काय तुजं?"

"सुभाष. मांडव आणि स्पीकरचं काम आहे."

"म्हंजी भोंगा."

झालं. आईनं ठेवलेलं नाव त्या दिवशी संपलं. मी म्हटलं, "तात्या, मला ते जवळून बघायचंय." तुम्ही विचारलंत, किती जवळून. म्हटलं, शिंगावरच्या कड्या मोजता येतील इतक्या जवळून. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत. त्या नजरेत पोपटी शर्ट, अत्तर, गळ्यातली साखळी आणि माझं पोट, सगळं येऊन गेलं.

"आदी खिशातल्या किल्ल्या काड," तुम्ही म्हणालात.

लग्नाची तिथी नसेल त्या पहाटे मी यायचो. दोन वर्षं. किल्ल्यांनंतर सुटे पैसे गेले, मग सुपारीची पुडी, तिचा कागद चुरचुरतो म्हणून. मग मोबाइल. माझ्या मोबाइलवर ढोलकीची धून होती, तुम्हाला आठवतंय? ती माळावर वाजली तेव्हा तुम्ही मला नाही, हरणाच्या दिशेला हात जोडलेत. चिमूटभर माती सोडून वारं कुठून येतंय ते बघायला शिकवलंत. वारं नेहमी तोंडावर घ्यायचं, पाठीवर घेतलं की आपण पोचायच्या आधी आपली चहाडी पोचते. टाच आधी टेकवायची नाही. गवताची कुसळं पायजम्यात घुसली तरी वाकायचं नाही. चिंकारा लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा त्याच जागेवर येतो, तेव्हा जागा सापडली की अर्धं काम झालं. पण लेंड्या शेळीच्या का हरणाच्या हे ओळखायला मला सहा महिने लागले. तुम्ही म्हणायचात, "शेळीलाबी कळतंय आता, तुला कधी कळंल?"

एकदा हिवराच्या झाडाखाली मला एक तास गप्प बसवलंत. अकराव्या मिनिटाला मी न राहवून म्हणालो, "तात्या, काय शांतता आहे!"

तुम्ही म्हणालात, "व्हती."

मी हे दोन वर्षांत शंभर लोकांना सांगितलंय, आणि दर वेळी लोक हसलेत. माझ्या धंद्यात माणसं मला बोलायला बोलावतात. गप्प बसायला बोलावणारे तुम्ही एकटेच.

आणि एक कबुली. एका सकाळी पंचवीस पावलांवर मादी चरत होती. तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, डेकवर गाणं फुल्ल. मादी उधळली. मी दात-ओठ खाऊन म्हणालो, "काय हे लोक! कानाला काही आहे की नाही?" तुम्ही फक्त माझ्याकडे बघत राहिलात, भुवया वर करून, मी स्वतःच ओळखेपर्यंत.

आता जे लिहायचंय त्याला जरा हात थांबतो.

मी विचारलं होतं, "तात्या, हे सगळं तुम्हाला वनखात्यानं शिकवलं का?" तीस वर्षं तुम्ही वनमजूर म्हणून हा माळ राखलात, तेव्हा मला ते साहजिक वाटलं होतं.

"खात्यानं खाकी दिली आन् काठी दिली," तुम्ही म्हणालात. "हे शिक्शान शिकारीचं हाय."

मग तुम्ही सांगितलंत. बाहत्तरचा दुष्काळ. तुम्ही अठरा वर्षांचे, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारे. चुलत्याकडून शिकार शिकायची ठरवलीत. दोन महिने तयारी केलीत. बिडी सोडलीत, कांदा सोडलात, कामावरून आल्यावर अनवाणी माळ तुडवलात, वारं शिकलात. म्हणजे मी आज जे करतोय तेच सगळं, फक्त शेवट वेगळा. "नवं लगीन झालं व्हतं," तुम्ही म्हणालात. "बायकूला दावायचं व्हतं, नवरा काय चीज हाय ते." फासात मादी सापडली. घरी आणून सोलताना कळलं की तिला दूध होतं.

"पिल्लू कुठंतरी बसवून आली आसंल," तुम्ही म्हणालात. "मी हुडकाय गेलो न्हाय. जायाला पायजे व्हतं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दुष्काळ होता तात्या. भूक होती."

"त्या दिवशी घरात भाकरी व्हती," तुम्ही म्हणालात आणि उठलात.

ते वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलंच नाही असं म्हणणार नाही.

त्याच्या आधीच्या जयंतीला तुमच्या विहारात माझा स्पीकर होता. वंदनेला पहिल्या रांगेसमोर एक माईक ठेवलेला. पंचशील सुरू झालं आणि मला वाटलं वायर सैल आहे, कारण पहिल्या शीलाला, जीवहत्या न करण्याच्या ओळीला, तुमच्या बाजूचा आवाज आलाच नाही. दुसऱ्या ओळीपासून खणखणीत. मी वायर बदलली होती, तात्या. माळावरच्या त्या सकाळनंतर मला कळलं की वायरीत काही बिघाड नव्हता. पन्नास वर्षं तुम्ही ती ओळ मुकाट सोडत आलात, कारण ती म्हणायचा हक्क आपल्याला नाही असं तुमचं तुम्हीच ठरवलं होतं.

एवढं माझ्या हातात दिलंत, आणि मी त्याचं काय केलं? शेळगावला तुमच्या चुलतभावाच्या नातीचं लग्न. माईक माझा. पाहुण्यांची ओळख करून देता देता मी तुमच्यापाशी आलो आणि माझ्या अंगात आलं. मला तुमचं कौतुक करायचं होतं, खरंच. मी आवाज खाली आणला, एको जरा वाढवला आणि सुरू झालो. दुष्काळ. विझलेली चूल. भुकेनं व्याकूळ तान्ही बहीण. तिचं रडं ऐकवेना म्हणून माळावर धावलेला एक तरुण, नाइलाजानं मारलेलं एक हरीण, आणि त्या एका घासाची परतफेड म्हणून तीस वर्षं केलेली राखण! तान्ही बहीण मी तिथल्या तिथे जन्माला घातली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या थांबेनात. नवरदेवाचा मामा उठून तुमच्या पाया पडला.

तुम्ही ताट खाली ठेवलंत. अर्धी जिलबी ताटात होती. सायकल काढलीत आणि गेलात.

चार महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी तीनदा घरी आलो. तुमच्या कारभारीणबाई आक्का चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "ते रानात गेल्यात." सायकल भिंतीला टेकलेली असायची. आतून तुमचा खोकला यायचा. आक्का खोकल्याकडे बघायच्या, मी चहाकडे. शेवटी मी त्यांनाच म्हणालो, "आक्का, मी त्यांचं गुपित सगळ्यांसमोर फोडलं. चुकलं माझं."

"गुपित कसलं आलंय?" त्या म्हणाल्या. "आख्ख्या गावाला ठावं हाय की त्ये हरान."

मग मला काही कळेना. चूक सापडत नाही आणि शिक्षा चालू आहे, अशी माझी अवस्था. मांडवात बसून मी रोज एकेक कारण शोधायचो. एको जास्त झाला असेल. तुमचा नंबर मामाच्या नंतर घेतला म्हणून राग आला असेल. इतका मी लांब भटकत होतो.

मग तुमचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "मोजनीला नावं दिल्यात. येऊन जा."

तुम्ही अंगणात बाजेवर होतात. दम लागत होता, चार शब्दांनंतर थांबायला लागत होतं. चार महिन्यांत तुम्ही एवढे बारीक झालात हे बघून मी गडबडलो आणि गडबडलो की मी विनोद करतो. म्हटलं, "तात्या, आता तुम्हालाच हरणांनी मोजायची वेळ आली." तुम्ही हसलात. मग म्हणालात, "बस. आन् मदीच बोलू नगंस."

तुम्ही जे बोललात ते जसंच्या तसं लिहितो. आता त्यात माझा एक शब्द नको.

"तू सांगितलंस त्याचा राग न्हाय. खोटं सांगितलंस. मला भुकेला केलंस. मी भुकेला नव्हतो. भुकेनं मारलं म्हनलं की लोक सोडून देत्यात. पाया पडत्यात. मला सुटायचं न्हाय, भोंग्या. मी हौसंनं मारलं. त्ये तसंच ऱ्हाऊ दे माज्यापाशी."

आणि पुढे, दम घेऊन: "तूच पुकारलंस. तूच माघारी घे. माईकवर."

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? चुकलो. एक शब्द. त्याऐवजी मी वाद घातला. "तात्या, स्वतःची बदनामी कोण मागून घेतं? लोक किती मानायला लागलेत तुम्हाला."

"त्येच तर."

"अहो, पन्नास वर्षं झाली. भाकरी होती का नव्हती, आता कुणाला काय फरक पडतो?"

"तिला पडत न्हाय," तुम्ही म्हणालात. "ती मेली. मला पडतो."

मी म्हटलं, "बघू. मोजणी झाल्यावर बघू." टाळायचं असलं की आपण जसं म्हणतो तसं. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, रागावलात. तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "फाटकापास्नं हितपर्यंत चालून दाव."

मी फाटकाशी गेलो. चपला काढल्या. अंगणात वाळलेली पानं, कोंबडीचं खाद्य, एक पत्र्याचा तुकडा. वारं तोंडावर होतं, तेही पाहिलं. मी चाललो. एवढ्या मन लावून मी माझ्या लग्नातसुद्धा चाललो नव्हतो. बाजेपाशी येऊन उभा राहिलो, तुमच्या उशाशी, हातभर अंतरावर.

"निघालास का?" तुम्ही फाटकाकडे तोंड करून विचारलंत.

"आलो, तात्या."

तुम्ही दचकलात. मग तुमचा चेहरा जो फुलला, तेवढं मला कुणी शाल-श्रीफळ देऊन मिळालेलं नाही. "ब्येस," म्हणालात. तुमच्या तोंडून मला मिळालेला तो पहिला आणि शेवटचा चांगला शेरा. सहा दिवसांनी तुम्ही गेलात.

परवा तुमचा जलदान विधी झाला. स्पीकर माझाच होता, दुसरा कुणी लावला असता तर मी त्याच्या वायरी तोडल्या असत्या. विहारासमोर मांडव भरलेला. वंदना झाली आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. मी मशिनपाशी बसलो होतो. पहिल्या वक्त्यानं सांगितलं, दगडूतात्यांनी भुकेपोटी एक हरीण मारलं आणि आयुष्यभर त्याची भरपाई केली. दुसरे गुरुजी. त्यांनी विझलेली चूल घेतली. तिसऱ्यानं तान्ह्या बहिणीचं रडं असं काही उभं केलं की मागे कुणीतरी हुंदका दिला. तात्या, तुम्हाला तर बहीणच नव्हती! माझं पोर गावभर मोठं होऊन माझ्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. मी मशिनची बटणं उगाच फिरवत राहिलो. पाठीवर वारं घेऊन उभा असल्यासारखं वाटत होतं.

मग तुमचा पुतण्या माझ्यापाशी आला. तोच पुतण्या, ज्यानं तुम्हाला शेवटी हातावर उचलून गाडीत घातलं. डोळे सुजलेले. म्हणाला, "भोंगाभाऊ, आता तुमी बोला. लग्नात बोलल्याला तेच बोला. लई भारी बोलला व्हता. तात्याला बरं वाटंल."

माईक हातात आला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो फुंकून पाहिला नाही.

खरं सांगू? मोह झाला. समोर तुमचा फोटो, हार घातलेला. माणसं माझ्याकडे वर तोंड करून बसलेली, रडायला तयार. एको वाढवायला बोट गेलंसुद्धा. मेलेल्या माणसाच्या अंगावर, त्याच्याच मांडवात, सातव्या दिवशी, असं काही टाकायचं का? पुतण्याला काय वाटेल? आक्कांना काय वाटेल? त्या बायकांमध्ये भिंतीला टेकून बसल्या होत्या, गुडघ्यांभोवती हात, मान खाली. उद्या त्यांना कुणी पाणवठ्यावर विचारलं तर? आणि दुसरीकडे तुम्ही, बाजेवर, डोळे मिटलेले: तूच माघारी घे.

मी एको बंद केला. म्हणालो, "लग्नात मी तात्यांबद्दल बोललो ते खोटं होतं. तात्यांना तान्ही बहीण नव्हती, ती मी रचली. घरची चूल विझलेली नव्हती. तात्यांनी ते हरीण हौसेनं मारलं. त्या दिवशी त्यांच्या घरात भाकरी होती. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि याच माईकवरून सांगायला सांगितलं. त्यांना कुणी माफ करावं असं त्यांना वाटत नव्हतं. मी त्यांना न विचारता करून टाकलं. माझं चुकलं."

एवढंच. माझं आजवरचं सगळ्यात छोटं भाषण. टाळी नाही, हुंदका नाही. पुतण्या माझ्या दिशेनं दोन पावलं आला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "आज व्हय? आज बोलायचं आसतंय व्हय हे?" गुरुजी चष्मा पुसायला लागले. पहिला वक्ता मोठ्यानं म्हणाला, "मेलेल्या मानसाच्या नावावर कायबी घालू नगा. कोन हाय साक्षीला? भाकरी व्हती का नव्हती, कुनी बघितलीय?"

साक्षीला कुणाला उभं करू, तात्या? तुम्हीच नव्हतात.

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. आक्कांपर्यंत माईक पोहोचत नव्हता, तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मी बघितलीय. चार भाकरी व्हत्या. लगीन व्हऊन तीन म्हैनं झालं व्हतं, मीच थापल्या व्हत्या." मान वर केली, आणि तुमच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "दोन खाऊन गेलं व्हतं."